टपावरचे दोन भोंगे

पारोळा, मंगळवार, संध्याकाळ

शुक्रवारी ऑपरेशन करून माझी घशातली स्वरपेटी काढणार. त्याआधी गाडीवर भोंग्यांसाठी कॅरियर बसायलाच हवा होता. आज बसला.

वेल्डिंगवाला सलीमभाई आमची चिमुकली गाडी पाहून हसला. "आबा, ही गाडी शे का साबणाची डबी?" टपाच्या कडेला पाणी वाहायची पन्हाळीच नाही, क्लॅम्प धरणार कुठे? त्याने टपावर तळहात दाबला. पत्रा आत गेला, टप्पकन वर आला. शेवटी दारांच्या कडांत चार पाय अडकवले, खाली जुनी ट्यूब कापून घातली. एकच भोंगा लावा म्हणत होता. मी ऐकलं नाही. वाळू उपसणारे नदीच्या दोन्ही काठांनी उतरतात, मग एका भोंग्याने काय होणार?

वाळूउपशाविरुद्धचं माझं जुनं भाषण पेन ड्राइव्हवर भरलं आहे, गाडी सलीमभाईच गावोगाव फिरवणार. आयुष्यभर सांगत आलो की वक्त्याने लोकांसमोर उभं राहून प्रश्न घ्यावेत. पेन ड्राइव्ह कोणाला उत्तर देणार? दिवसभर हेच टोचतं आहे. पण गप्प बसणं त्याहून वाईट. की हा माझा अहंकारच?

घरी अंगणात लावून पाहिलं. माझा जुना, धडधाकट आवाज. टपाचा तो पत्रा थरथरू लागला. बायको, सुमन, स्वयंपाकघरातून ओरडली, "डॉक्टरनी बोलू नका सांगेल शे ना? मंग काब्र वरडी ऱ्हायनात?"

मी टप दाबून धरला होता, तोंड मिटलेलं होतं. तिला उत्तर द्यायला भोंगे बंद करावे लागले. त्यांच्यापुढे माझं आता ऐकू येत नाही.