लुडबुड्याशिवाय रायबोसोम

२ सप्टेंबर, सकाळी ८
आजपासून रोज लिहायचं. जूनअखेर माझी नोकरी संपते. त्याआधी पेपर छापून आला की इथे उप्साला विद्यापीठातच कायमची जागा. पेपर म्हणजे झालाच. बॅक्टेरियात रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, लहान अर्धा जुळत असताना एक प्रथिन त्याच्या मानेशी येऊन चिकटतं आणि काम झालं की निघून जातं. तयार रायबोसोममध्ये त्याचा मागमूस नाही. मी त्याला लुडबुड्या म्हणतो. त्याचा जीनच उडवला. बॅक्टेरिया ३७ अंशांवर मजेत वाढताहेत. म्हणजे लुडबुड्या फुकट्या. जीन उडवण्याचं हातकाम आमच्या लॅबमधल्या इंगेगेर्डचं, डोकं माझं.

११ सप्टेंबर
तीनच्या कॉफीला इंगेगेर्ड म्हणाली, सिक्स्टेन, १८ अंशांवर बघितलंस का? थंडीत रायबोसोमची घडी नीट बसत नाही, मदत तेव्हाच लागते. एकतीस वर्षं नोकरी, अजून टेक्निशियन. मी म्हटलं, अगं बाई, हे आतड्यात राहतात, तिथे काय उप्सालाचा जानेवारी असतो? सगळे हसले. ती सोडून.

२० सप्टेंबर
बॅक्टेरिया हलवत वाढवायच्या थंड शेकरच्या यादीत इंगेगेर्डचं नाव, सलग पाच दिवस. खोडलं, माझं लिहिलं, ३७ वर लावला. आपल्याकडे स्वीडनमध्ये तोंडावर कुणी बोलत नाही. दुपारी लॅबच्या स्वयंपाकघराच्या दारावर चिठ्ठी: यादीत ज्याचं नाव, शेकर त्याचा. खाली सही नाही. बिनसहीच्या चिठ्ठीला मी भीक घालत नाही.

९ ऑक्टोबर
इंगेगेर्डने विचारलं, पेपरवर माझं नाव कितवं? म्हटलं, आभारात. तिने आपला कप धुतला, माझाही धुतला आणि गेली. समजूतदार बाई.

१६ ऑक्टोबर
इंगेगेर्ड खालच्या मजल्यावर, राकेलच्या संशोधन गटात गेली म्हणे. जाताना तिने केलेल्या बॅक्टेरियाच्या प्लेटा विचारून नेल्या. ने म्हटलं. बरं झालं, लुडबुड संपली.

१२ जानेवारी
काम जोरात. फक्त नमुन्यांसाठीचं बफर द्रावण इंगेगेर्ड कसं करायची ते कुठे लिहिलेलं नाही. मायक्रोस्कोपसाठी नमुने बारीक धातूच्या जाळ्यांवर गोठवले, तिन्ही जाळ्यांवर नुसता बर्फ. हवाच दमट.

८ एप्रिल
पेपर परत. परीक्षक विचारतो, कमी तापमानावर पाहिलंत का? जळतात लोक. सोमवारपासून १८ अंश. दोन आठवड्यांचं काम.

२७ एप्रिल
प्लेटा शोधतोय.

२९ मे, दुपारी ३:२०
ज्याचा पेपर त्याने केक आणायचा. आज हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या लेपाचा, केक आला, राकेलच्या पेपरचा. १८ अंशांवर लुडबुड्या नसेल तर लहान अर्ध्याची मान वाकडीच राहते, रायबोसोम जुळतच नाही. मायक्रोस्कोपचं चित्र स्वच्छ, नजर लागावी असं. लेखकांत दुसरं नाव इंगेगेर्डचं. माझंही नाव आहे. शेवटी, आभारात, बॅक्टेरिया दिल्याबद्दल. मी विचारलं, हे कुणी लिहिलं? इंगेगेर्ड म्हणाली, मीच, तू ने म्हणाला होतास ना. आणि मोठा तुकडा कापून दिला. खाल्ला. कप मात्र माझा मलाच धुवावा लागला.