जास्तीची ओळ

४ एप्रिल
उन्हात काम करणाऱ्यांसाठीची पुस्तिका आली एकदाची. परदेशातल्या मोठ्या संस्थेची. मराठी मी करायचं, आणि अकोल्याचे गावंडे सर संस्थेच्या वतीने माझ्या मानगुटीवर बसणार. सोबत कुणीतरी आधी केलेलं मराठी, 'नमुना म्हणून'. "श्रमिकांनी नियमित कालांतराने जलप्राशन करावे." कोण बोलतं असं? राजापेठेतल्या माझ्या ट्यूशनच्या पोरींना वाचून दाखवलं. "मॅडम, हे संस्कृतच्या पेपरला आहे का?"

७ एप्रिल
पाण्याचं पान करताना आई शेजारी लसूण सोलत होती. नांदगाव खंडेश्वरला जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबलेली. म्हणाली, "पानी पे म्हन्ते! अन् मंग जावाचं कुठी?"
तेच तर. दिवसभर तोंड कोरडं ठेवायचं, अंधार पडल्यावर तांब्या घेऊन निघायचं. मुतखड्याने तिला किती लोळवलंय ते मी पाहिलंय. ज्यांनी पुस्तिका लिहिली त्यांच्याकडे कामावर संडास असणार, म्हणून लिहायचं सुचलं नसेल. पण इथे ते नसेल तर बायांसाठी ही नुसती रद्दी.
ओळ टाकली. "बाया कामावर असतील तर तिथे संडास पाहिजेच. नसला तर त्या पाणी पिणार नाहीत, आणि ऊन त्यांनाच लागेल."

१२ एप्रिल
गावंडे सर. मेलमध्ये 'आदरणीय', फोनवर अस्सल वऱ्हाडी.
"ताई, मुळात नाही ते काहून टाकता? वरून पास नाही होनार."
म्हटलं, वरच्यांना एकदा खाली बोलवा. एप्रिलातच.
"तुमी लय जिद्दी आहा."
आहेच. ओळ काढली नाही तर काम दुसऱ्याला देणार म्हणे. द्या. पण आधी बायांना वाचून दाखवू, मग ठरवा. कुरकुरत हो म्हणाले.

१९ एप्रिल, अकोला
सुमनमावशीच्या वस्तीतलं विहार. मावशी आईची धाकटी बहीण, रस्त्याच्या कामावर जाते. वंदना झाली, तिच्यासोबत कामाला जाणाऱ्या बाया थांबल्या. सरांचा आग्रह, आधी नमुना वाचा. वाचला.
"...जलप्राशन करावे."
"साधू! साधू! साधू!"
विहारात काही वाचलं की शेवटी साधू म्हणायची सवय. "छायायुक्त स्थळी विश्रांती घ्यावी." पुन्हा साधू, साधू, साधू. हात जोडून! सर खूश. "पाहा, समजून राह्यलं ना लोकायले."
मग माझं वाचलं. संडासाच्या ओळीशी आले आणि साधू कुणीच म्हटलं नाही. एकच गलका झाला. ठेकेदाराच्या सात पिढ्या निघाल्या. मावशी उठून पुढे आली. "हे लिवलं हाये? पुस्तकात? अजून वाच."
परत वाचलं. परत. सर चपला शोधत होते. मला इतका आनंद झाला!

२१ एप्रिल
सरांचा मेल. 'उपस्थितांचा प्रतिसाद उत्साहवर्धक. तथापि मूळ मजकुराबाहेरील ओळ वगळावी.' तथापि!!
पुस्तिकेची त्यांची पीडीएफ मावशीच्या मोबाइलवर उघडतही नाही. आईला समोर बसवलं, ती ओळ तिच्याच बोलीत बोलायला लावली, रेकॉर्ड केली. संस्थेचं नाव घेतलं नाही. शेवटी तिचं नाव आणि माझं. पाठवली मावशीला. आता ही काढा म्हणावं.

२५ एप्रिल
मावशीकडून कळलं. काल बाया कामावर पोटभर पाणी प्यायल्या आणि सगळ्या मिळून ठेकेदाराच्या ऑफिसमागच्या संडासासमोर रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्या जाऊन आल्या.
आई दिवसभर स्वतःचीच क्लिप ऐकतेय. "आवाज बरा येते माह्या."

२७ एप्रिल
मेल. ओळ आज संध्याकाळपर्यंत काढा, नाहीतर पुस्तिका नमुन्याच्या मराठीतच छापू, आणि यापुढे तुम्हाला काम नाही. खाली सरांनी हळूच जोडलंय, 'ताई, माझ्या हातात नाही.'
छापा. ती ओळ वगळून माझ्या नावाखाली काही जाणार नाही. एवढंच लिहून पाठवलं. पुस्तिका आवडली होती मला.
दुपारी मावशीचा फोन. मागे यंत्राचा आवाज.
"ठेकेदारानं संडासाले कुलूप लावलं."
मग आता, मावशी?
"मंग काय? आमी पानी पेऊनच राह्यलो."