खालच्या वस्तीतलं चार टेबलांचं हॉटेल

टिरोल, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आम्ही सगळे सुखरूप आहोत, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं. बर्फाचा कडा कोसळून दरीचा रस्ता चार दिवस बंद आहे, स्कीइंगही बंद. उद्या हेलिकॉप्टरने टपाल जाणार, म्हणून घाईने लिहितेय. आईचा गुडघा कसा आहे?

कोनराडच्या घरचे माझी फार काळजी घेतात. मी काय खायचं तेसुद्धा होणारे सासरेच ठरवतात. इथलं जेवण बेचव आहे, तरी सगळे त्यांच्याकडे बघून "छान" म्हणतात. मीही म्हणते.

काल दुपारी मी एकटीच खालच्या वस्तीत चालत गेले. तिथे रेझीबाईंचं चार टेबलांचं हॉटेल सापडलं. "काय खाणार, पोरी?" त्यांनी विचारलं. ताई, मला काही सुचेचना. शेवटी रश्शातले पावाचे गोळे मागितले. इतकं चवदार कित्येक दिवसांत खाल्लं नव्हतं.

अर्धी वाटी संपते न संपते तोच कोनराड शोधत आला. "चल, बाबा चिडलेत."

"जेवण व्हायचंय माझं. तूही बस ना."

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "बाबांना काय सांगू?" म्हणाला आणि दारात जाऊन उभा राहिला. मी सावकाश जेवले.

रविवारी रस्ता उघडेल म्हणतात. लग्नाच्या झग्याचं कापड आईने कापलं का गं? नसेल, तर म्हणावं, इतक्यात कात्री लावू नकोस.

तुझीच,
ओटिली