मुक्ताच्या पर्समधलं रिव्हॉल्व्हर

६ सप्टेंबर, शनिवार
ईशाला हीथ्रोला सोडून आलो. डिसेंबरच्या सुरुवातीला परत. ब्रिस्टलची इंजिनिअरिंगची जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली आहे, तोवर "थोडं जग बघते". जग म्हणजे ह्यूस्टन. म्हणजे माझी धाकटी बहीण मुक्ता. सिक्युरिटीच्या रांगेतून लेकीने वळून हात केला, पण कानाला फोन होता. मावशीच असणार.
ईलिंगला परतताना अभय म्हणाला, "अगं, सख्खी बहीण आहे तुझी." तेच तर.

१३ सप्टेंबर, शनिवार
फोन. "आई, मावशी इतका फनी आहे ना!" दर शनिवारी एजवेअरच्या मराठी शाळेत नेलं हिला, आणि मावशी अजून "इतका फनी". मु. दुरुस्त करत नाही. म्हणून ईशा मु.शी मराठीत बोलते आणि माझ्याशी अर्धं इंग्रजीत.
केस कापले म्हणे. कान दिसतात आता. फोटो मु.ने पाठवला. छान दिसतेय. फारच.

२० सप्टेंबर, शनिवार
"आई, गेस व्हॉट. आम्ही गन घेतली."
आम्ही.
मु. घटस्फोटानंतर एकटी. हॉस्पिटलच्या फार्मसीत संध्याकाळची पाळी. मागच्या हिवाळ्यात तिथल्या पार्किंगमध्ये ती गाडीत बसलेली असताना कुणीतरी काच फोडली. मला आज कळलं. ईशाला पहिल्याच आठवड्यात.
दुकानातल्या बाईने आधी गुलाबी मुठीचं दाखवलं. मु. ईशाच्या कानात, "मी काय भातुकली खेळायला आलेय?" मग दोन उरली. एक अगदी हलकं, पण बार काढला की मनगटाला जबर हिसका. दुसरं पोलादी, जड, पण हातात शांत. मु.ने जड घेतलं. पाच गोळ्यांचं, नळी बोटाएवढी. घोडा आतल्या आत, म्हणजे काढताना पर्सच्या अस्तरात अडकत नाही. पर्सही नवीन, त्याच्यासाठी वेगळा कप्पा असलेली. त्या कप्प्यात दुसरं काही नाही, लिपस्टिकसुद्धा नाही. चापावर कातडी म्यान.
लहानपणी डायनोसॉरची नावं सांगायची त्या आवाजात सांगत होती.
"तू हातात घेतलंस?"
"आई, रिलॅक्स. रिकामं होता."
खरं तर मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. मोठी खरेदी करताना मु. मला फोन करायची. फ्रिज घेतानासुद्धा.

२४ सप्टेंबर, बुधवार
वेडेपणा. खलबत्त्यातला बत्ता पर्समध्ये घालून स्टेशनपर्यंत चालत गेले. वजन साधारण तेवढंच असेल. बघायचं होतं मु.ला कसं वाटत असेल ते.
खांदा एका बाजूला झुकतो. हात सारखा पर्सवर जातो. आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस... पुलाखाली रोज भेटणारा कुत्रेवाला म्हातारा "मॉर्निंग" म्हणाला तर मी दचकले. वीस वर्षांत दचकले नव्हते.
इथे बायकांनी मिरचीचा फवारा जवळ ठेवला तरी गुन्हा. माझ्याकडे किल्ल्यांना अडकवलेला अलार्म, पिन ओढली की किंचाळतो. एकदा चुकून टेस्कोच्या रांगेत किंचाळला होता, सगळ्यांनी माझ्याकडेच रागाने बघितलं.
अभयने बत्ता पाहिला. "पोलिसांनी विचारलं तर काय सांगणार? चटणी वाटायला चाललेय?"
हसलो दोघं. पण ईशाने ऐकलं असतं तर मु.लाच सांगितलं असतं.

२८ सप्टेंबर, रविवार
ईशाला तिथेच शिकायचंय. ब्रिस्टलला नाही म्हणायचा विचार आहे. "नॉट फायनल, आई. पण मावशी म्हणते राहा."
मु.ला फोन केला. आवाज चढू दिला नाही.
"ताई, मी ओढत नाहीये तिला."
"मी कुठे म्हटलं तसं?"
"म्हणालीसच की आत्ता. न म्हणता."
मग दोघी हवामानावर बोललो. तिकडे अजून उकाडा.
तिच्या घरात पंधरा वर्षं कुणाचे बूट दाराशी इकडेतिकडे पडले नसतील. आता पडताहेत. माझ्या दाराशी एक जोड, नीट लावलेला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
लॅपटॉप, पेन, अभयचा स्क्रूड्रायव्हरचा डबा. हळदकुंकू, झेंडूऐवजी बागेतले पिवळे डेलिया. दरवर्षी ईशाचं काहीतरी असायचं, कंपासपेटी, नेटबॉल, एकदा हट्टाने टोस्टर. यंदा तिची वस्तू मु.च्या पाटावर. व्हिडिओवर दाखवलं. ईशाचा कॅल्क्युलेटर, मु.चा स्टेथोस्कोप (फार्मासिस्टला कशाला? शोभेला, म्हणाली), आणि मध्ये ते. रिकामं करून ठेवलेलं, कुंकवाचं बोट लावलेलं, वर जास्वंद. एवढंसं. बेडकासारखं.
मु. म्हणाली, "ताई, संध्याकाळी आम्हाला ग्रोसरीला जायचंय. तेवढ्यापुरतं उचललं तर चालेल ना?"
आईचा नियम: पाटावर मांडलेल्याला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा आम्हाला पुस्तक मिळायचं नाही.
मी म्हटलं, "आईला काय आवडलं असतं ते तुला माहीत आहे."
अभयला उद्या ऑफिसचा लॅपटॉप लागेल म्हणून मी तो दुपारीच उचलून दिला होता. मु.ला तेवढं सैल सोडवलं नाही. तिच्या पाटावर माझ्या मुलीची वस्तू होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
दुपारी ईशाचा फोन. रडत होती. तिकडे सकाळ.
काल संध्याकाळी दुकानातून निघाल्या. पार्किंगमध्ये मागून एक माणूस धावत आला, "मॅम! मॅम!" मु.ने ईशाला मागे ढकललं आणि हात त्या कप्प्यात घातला.
"आई, कप्पा एम्प्टी होता. तरी ती शोधत होती. शोधतच होती. आणि तो, ही वॉज लाइक, आजोबा. त्याच्या हातात माझा फोन होता. मी ट्रॉलीत विसरलेले."
"मग?"
"मावशीने थँक यू म्हटलं. हसली पण. गाडीत बसल्यावर तिला किल्ली लावता येत नव्हती. जर असता ना आई, पर्समध्ये..."
मी म्हटलं, शांत हो, पाणी पी. आणि भीतीच्या खाली, अगदी खाली, काहीतरी सुखावलं. घाबरली तेव्हा मला फोन केला. शेजारच्या खोलीत मावशी असताना, मला.
आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. शेजारच्या झाडाची तोडून आणली होती, ती तशीच राहिली.

४ ऑक्टोबर, शनिवार
वाटलं होतं, आता येईल परत. खोलीतल्या चादरी बदलल्या.
ईशा म्हणाली, "मी तिला एकटीला कशी सोडू? तिला किल्लीसुद्धा लावता येत नव्हती."
पुढे म्हणाली, दसऱ्याची पूजा झाल्याबरोबर मु.ने कुंकू पुसून ते पुन्हा पर्समध्ये ठेवलंय. भरून. "तू सांग ना तिला, घरी लॉक करून ठेव म्हणून. माझं हसण्यावारी नेते. तुझं ऐकते ती."
सांगते म्हटलं.
अजून सांगितलेलं नाही.
ते पर्समध्ये असेपर्यंत मी अभयला, ईशाला, सगळ्यांना म्हणू शकते की त्या घरात मुलगी ठेवायची नाही. कुणी मला चूक म्हणणार नाही. ते कपाटात गेलं की उरतं काय? एक प्रेमळ मावशी, चांगली युनिव्हर्सिटी, आणि मी.
हे लिहिल्यावर उठून भांडी घासली. सगळी घासलेलीच होती.

५ ऑक्टोबर, रविवार
मु.नेच फोन केला. उशिरा उठली होती, आवाज जाड.
"ईशाने सांगितलं असेल तुला."
"हो."
"मला वाटलंच. काही झालं की आईच." जराशी हसली. हेवा होता त्यात. मला ओळखू आला, माझा रोजचाच आहे. इतकी वर्षं तिला माझा वाटत असेल, हे कधी...
मागे ईशा कप्प्यांची दारं उघडत-मिटत होती, कॉर्नफ्लेक्स शोधत असणार.
"ताई, त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही गं. पण उद्या परत संध्याकाळची पाळी आहे. तेच पार्किंग. काच फुटली ना, तेव्हा मी तिथेच बसून राहिले होते, ओरडतासुद्धा आलं नव्हतं. तू सांग. तू म्हणशील तसं. नेऊ का ठेवू?"
खरंच माझं ऐकते.
ठेव म्हटलं आणि उद्या त्या पार्किंगमध्ये काही झालं तर. ने म्हटलं आणि पुन्हा कुणी फोन परत द्यायला धावत आलं तर. यांतलं कुठलं उत्तर मी मु.साठी देतेय आणि कुठलं ईशाला परत आणण्यासाठी, ते मला त्या क्षणी वेगळं करता येईना.
"ताई? आहेस ना?"
"आहे," म्हटलं. "ईशाला बोलाव. स्पीकरवर टाक."