तेल वाढलंय

आत्याबाई, काल तुमच्या लेकीचा फोन आला होता. तिच्या मुलीला बघायला रविवारी पाहुणे येणार आहेत. ती म्हणाली, "वैनी, तू येच. तू असलीस की मला धीर असतो. तू खरं बोलतीस." येते म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात घोळतंय. तुम्ही होतात तोवर हे बोलले नाही, म्हणून आता वहीत लिहिते आहे.

मी तुमची सून होऊन माधवनगरला आले तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, कामाला होते ती गिरणी बंद पडली होती, आणि तुमचा मुलगा दुसऱ्याच्या मागावर विणायला जात होता. सूत आलं की काम, नाहीतर दिवसभर घरी. मी फौजेतल्या हवालदाराची मुलगी. गाव साताऱ्याजवळ, पण लहानपण अंबाला, जबलपूर अशा छावण्यांत गेलं. आमच्या क्वार्टरमध्ये साखर संपली की आई शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायची, "चीनी खतम." त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांचीच एकदम संपायची. पुढे साताऱ्याला वसतिगृहात राहून मी मराठी विषय घेऊन बी.ए. झाले. दिवा वाढवतात, बांगडी वाढवतात, ते शब्द अशुभ टाळण्यासाठी असतात, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. तेलाच्या डब्यालाही तोच नियम लागतो, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या घरात 'संपलं' हा शब्द चालत नव्हता. मीठ वाढायचं, पीठ वाढायचं. मला वाटायचं, तंगी आहे म्हणतात, पण ह्या घरात तर रोज काही ना काही जास्तच होतंय.

तुमचं काटकसरीचं काम मी पहिल्या दिवसापासून बघत होते. वखारीतून भुसा आणायचा, शेगडीत मधोमध बाटली उभी धरून तो चहूकडून ठासायचा, मग बाटली हळूच फिरवून काढायची. एका भरण्यात भात, आमटी आणि मामांच्या अंघोळीचं पाणी व्हायचं. तव्याला तेल लावायला वाटीत चिंधीचा बोळा असायचा, तो कोरडा दिसला तरी दोन दिवस चालायचा. चहाची पूड दुसऱ्यांदा उकळून झाली की तुळशीला जायची. मागावरच्या चिंध्यांच्या वाकळा तर तुमच्यासारख्या कुणी शिवल्या नाहीत. हे सगळं मला आवडायचं. जे आवडायचं नाही ते दुसरं होतं. कण्या आणल्या की पिशवीत वर मेथीची जुडी ठेवायची, म्हणजे गल्लीला मेथीच दिसावी. फोडणी परवडत नसेल त्या दिवशीही खिडकीशी पळीत थेंबभर तेल तापवून चार मोहऱ्या उडवायच्या. वास बाहेर गेला पाहिजे. घरात आम्ही बिनफोडणीचं खायचो आणि शेजारची काकू विचारायची, "आज काय बेत हाय, लय वास सुटलाय."

लोणंदचे पाहुणे आले ती दुपार आठवते. उन्हाळ्याचे दिवस. खरं तर ते पुढच्या आठवड्यात येणार होते, पण मिरजेला दवाखान्यात कुणाला बघायला आले आणि परतीच्या वाटेवर माधवनगरला उतरले. मुलगा, त्याची आई आणि मामा. तुमच्या लेकीचं आधी दोन ठिकाणी फिसकटलं होतं. दोन्हीकडे घर बघून गेले आणि गप्प बसले. त्यामुळे हे तिसरं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून तुम्ही देव पाण्यात घालून बसला होतात. तुम्ही हसत बाहेर गेलात, "या, या," म्हणालात, आणि मी आत पोह्यांचा डबा काढून बसले. तेवढ्यात तुमचा आवाज आला, "ह्या उन्हाचं तळकट-फोडणीचं कशाला म्हणते मी, थंडगार ताक घ्या."

आदल्या दिवशीच तुम्ही मामांना म्हणाला होतात, "तेल वाढलंय बघा," आणि मामा म्हणाले होते, "बघतो." डबा वरच्या फळीवर असायचा, त्याला नव्या सुनेनं हात लावायचा नव्हता. माझ्या मनात आलं, घरात तेल असताना ह्या मुलीच्या पाहुण्यांची ताकावर बोळवण करतात. लेकीचं लग्न ठरायचंय आणि ह्यांचा हात आखडतोय. मी पदराला हात पुसत दारात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आत्याबाई, तेल वाढलंय की. भजी करते पटकन."

मुलाच्या मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते टोपीकडेच बघत राहिले. तुमच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग मुलाची आई हसली. कुचकं नव्हे, पोटातून हसली. "वाढलंय व्हय? आवं, आमच्यात बी परवापासनं वाढलंय. ताकच द्या, बाई, आनि तांब्या भरून द्या, लय ऊन हाय." मला बरं वाटलं. दोन्ही घरं खाऊनपिऊन सुखी आहेत, जोडा चांगला जमेल, असा मी हिशोब केला आणि ताकात मीठ ढवळलं.

पाहुणे गाडीला गेले आणि तुम्ही आत आलात. "घरातलं वाढलेलं चारचौघात सांगत्यात व्हय? लेकीचं वाटोळं करायला आलीस का ह्या घरात? डबा पालथा हाय म्हाईत असून भजी करतीस?" तेव्हा मी वर बघितलं. डबा वाटीवर पालथा घातलेला होता, शेवटचा थेंब निथळायला. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. त्या क्षणी "मला अर्थ माहीत नव्हता" एवढं म्हणायला हवं होतं. पण मराठीची बी.ए. आणि घरातला शब्द कळत नाही, हे सांगायची लाज तुमच्या शिव्यांपेक्षा मोठी वाटली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तुमची लेक मोरीत तोंड धूत होती. बराच वेळ धूत होती.

होकार आला तो मुलाची आई स्वतः घेऊन आली. ओट्यावर बसून तुम्हाला म्हणाली, "सोयरीक करायची ती असल्या घरात. पोरीला बघायच्या आधी मी सुनंला बघितलं. तेल न्हाई तर न्हाई म्हनली तोंडावर, ते बी हासत. वर भजी करते म्हनून चेष्टा. झाकापाक न्हाई. माझी पोर द्यायची असती तरी हितंच दिली असती." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्यात काय होतं हे मी इतकी वर्षं ठरवते आहे. तुम्ही फक्त म्हणालात, "हाय आमची सून तशी." आणि दुसऱ्या दिवशी वरच्या फळीवरचे डबे माझ्या हाताला येतील असे खाली मांडलेत.

त्यानंतर मेथीची जुडी पिशवीत तळाला गेली. मी कण्या उघड आणू लागले, आणि गल्लीतल्या आणखी दोघी म्हणाल्या, आमच्यासाठी पण आण, एकदम घेतल्या तर बऱ्या पडतात. खिडकीशी उडणाऱ्या मोहऱ्या आमटीत पडू लागल्या. लग्न तुमच्या दारातच झालं. दिवाळसणाला काय जमेल नि काय नाही, हे लोणंदला सांगायला तुम्ही मलाच पाठवलंत. "तू बोल. तुला जमतं." जमत नव्हतं, आत्याबाई. गाडीत मी लोणंद येईपर्यंत तेच वाक्य मनात घोकत होते. पण मी तशी आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, म्हणून मला तसं व्हावं लागलं. पुढे खरंच थोडीफार झाले असेन. मुळात अंगात नसलेला गुण असा मागून येतो का, आणि आला तर तो आपला म्हणायचा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र दिसलं की आपल्या गरिबीतला निम्मा त्रास तिला झाकण्यात जात होता. तो वाचला तेव्हा बाकीचं निभावता आलं.

तुमच्या शेवटच्या आजारपणात मी मोसंबीची फोड सोलत होते तेव्हा तुम्ही विचारलंत, "लोणंदची मानसं आल्याली तवा, सगळ्यांम्होरं बोललीस, भ्या न्हाई वाटलं गं तुला?" मी म्हणाले, "न्हाई." ते खरं होतं. कळलंच नव्हतं तर भीती कशाची वाटणार? पण तुम्ही मान डोलावलीत, आणि तुम्हाला काय उत्तर मिळालं ते मला दिसत होतं. कधी वाटतं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही मला सांगायची संधी देत होतात. कधी वाटतं, हे मी मनाच्या समाधानासाठी रचलं आहे.

तुमच्या लेकीला हे वाचून दाखवावं असं सकाळी वाटलं होतं. आता नको वाटतं. तिच्या सासूबाई गेल्या, तुम्ही गेलात, आणि तिचा संसार ज्या गोष्टीवर उभा राहिला ती गोष्ट ती आपल्या मुलीला सांगत आली आहे. ह्या रविवारी पाहुण्यांसमोरही सांगेल. मी शेजारी बसलेली असेन. सगळे माझ्याकडे बघतील, आणि खरं सांगते आत्याबाई, ते मला आवडतं.