भुजंगप्रयातातला एकुलता एक गोल

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का? माझी प्रकृती ठणठणीत आहे. फक्त शनिवारी सामना झाला की छातीत जळजळतं. डॉक्टर म्हणतात पित्त. मी म्हणतो तुझा मुलगा.

तुझं काकुळतीचं पत्र पोचलं. माझ्या जागी कॉलेजच्या फुटबॉल संघाला शिकवायला आलेल्या तुझ्या चिरंजीवांना ठेवायचं की नारळ द्यायचा, हे प्राचार्य माझं मत घेऊन ठरवणार आहेत, हे खरं. (पोरगा गुणी आहे, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तू चष्मा काढून ठेवणार नाहीस.) संघ यंदा झाडून सगळे सामने हरला. किती गोलांनी, ते त्याच्या आईला कळवण्यासारखं नाही.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. मी पोरांना पास द्यायला वृत्तांतून शिकवलं. भुजंगप्रयात म्हणजे लगागा, लगागा; एक आखूड पास, दोन लांब. उन्हं उतरताना सगळा संघ लयीत पळायचा आणि मला आपला शाळेतला वर्ग दिसायचा, गुरुजी टेबलावर पट्टीने ठेका धरताहेत आणि खिडकीतून येणारा वारासुद्धा चालीवर येतोय. भाच्याने पहिल्याच दिवशी फळा आणून त्यावर बाण काढले. आता जुनी पोरं लगागात खेळतात, नवी बाणांवर, आणि चेंडू मधल्या मध्ये बेवारशासारखा पडून राहतो.

पण मला सलतं ते हरणं नाही. माझ्या वेळी सामना जिंकला तरी पोरं 'येतो सर' म्हणून पसार व्हायची. (पाठीमागे मला 'शार्दूल' म्हणत. वृत्तावरून, असं मी धरून चाललो आहे.) ह्याला 'दादा' म्हणतात. हरले की ह्याच्याभोवती गवतात बसून केळी खातात आणि खिदळतात. बघायला गर्दीही वाढली आहे. आमची ही, जिने माझा एक सामना पाहिला नाही, थर्मास भरून चहा घेऊन जाते. विचारलं तर म्हणाली, "तुमचे जिंकायचेच हो. त्यात बघायचं काय?"

परवा शेवटचा सामना. मी कठड्याबाहेर उभा, संघ तीन गोलांनी मागे. चेंडू कप्तानाकडे आला (हा माझ्या हाताखालचा) आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, लगागा. त्याने मान वळवली नाही, पाय मात्र वळले. आखूड, लांब, लांब, आणि गोल. हंगामातला पहिला. मी हात पसरून उभा राहिलो. पोरं धावत आली आणि त्यांनी दादाला खांद्यावर घेतलं. पसरलेल्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून मी छत्री उघडली. (ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता.)

तेव्हा माझं मत काय असेल, ते तूच ओळख.

तुझा,
धाकटा

ता. क. प्राचार्यांना 'ठेवा' म्हणून मी तुझं पत्र यायच्या आधीच सांगून आलो आहे. दुसरा कोणी आला आणि जिंकायला लागला तर माझ्याने बघवणार नाही.

ता. क. दुसरा : खेळाडूंच्या बाकावर टोकाला एक म्हातारा सहज मावतो. आईच्या हक्काने चिरंजीवांच्या कानावर घाल, माझं नाव न घेता. तिथे बसून मी चकार शब्द काढणार नाही.

ता. क. तिसरा : नव्या पोरांना भुजंगप्रयात झेपत नाही, अनुष्टुभापासून सुरुवात करावी, कोणी कुठे उभं राहायचं ते मागच्या पानावर काढलं आहे. आणि केळी मला चालतात, डॉक्टरांना विचारून ठेवलं आहे.