कोपऱ्यातल्या कार्डाचं नाव

९ जानेवारी
आलो एकदाचे. सामान अजून खोक्यांतच आहे, पण गॅस पेटला, चहा झाला, म्हणजे घर लागलं असं समजायचं. नवरा बोटीवर, तो उन्हाळ्यात उगवेल. धाकटी बहीण सोबत आली म्हणून बरं, नाहीतर नोकरी आणि लेक दोन्ही सांभाळताना माझं काही खरं नव्हतं. लेक सहा वर्षांची. तिला आम्ही चिमणीच म्हणतो. आल्या आल्या तिने खिडकीजवळचा पलंग बळकावला आणि मावशीला दाराशी हाकललं.

नोकरी कार्टूनपट बनवणाऱ्या स्टुडिओत. दृश्यं रंगवण्याचं जड काम संगणकांतली ग्राफिक्स कार्डं करतात आणि करता करता तापतात. ती किती तापली ते पडद्यावर बघायचं, पंखे कमीजास्त करायचे, धूळ काढायची. थोडक्यात, यंत्रांची आया. मालकाला सगळे दादा म्हणतात. भला माणूस वाटला. मी आज खूश आहे, उगाच नाही कशाला म्हणू.

११ जानेवारी
यंत्रांच्या खोलीत पंख्यांचा इतका घोंगाट आहे की खिशातला फोन वाजलेला कळत नाही. पडद्यावर प्रत्येक कार्डाला नाव आहे. माझ्या आधीच्या माणसाने कांदा, बटाटा, भोपळा, मुळा अशी नावं ठेवलीत. त्यामुळे बटाटा तापलाय, असं मला तोंड सरळ ठेवून सांगावं लागतं. कोपऱ्यातल्या कार्डाचं नाव मात्र ‘आई’. तिथलं जुनं कार्ड जळालं, त्याच दिवशी त्या माणसाची आई गेली, म्हणून तो गेला तो परत आलाच नाही, असं दादा हळहळत म्हणाले. कार्ड नवीन घातलं, नाव तेच राहिलं.

कोपरा फार त्रास देतो म्हणे. तिथे हवा खेळत नाही. इथली रीतच आहे, द्वाड यंत्राला घरच्या माणसाचं नाव द्यायचं, म्हणजे लक्ष राहतं, असं दादा म्हणाले. मी हसत हसत ‘चिमणी’ टाकलं. द्वाडपणात दोघी सारख्याच.

१४ जानेवारी
दमले. चिमणीला दोन दिवस ताप आहे. हवा बदलली की होतंच. बहीण पट्ट्या ठेवतेय. कोपरा आज ब्याऐंशी अंशांपर्यंत गेला, पंखे पूर्ण सोडले तरी खाली येईना. दोन्हीकडे तेच काम, एकीकडे फक्त पगार मिळतो.

१६ जानेवारी
चिमणीला उतार पडला म्हणून शाळेत पाठवलं. मी कोपरा बंद करून उघडला. धूळ बोटभर. कार्ड थंड ठेवणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडली, नवी लावली, पंखा पुसला, पुन्हा चालू केला. बाहेर आले तर शाळेचे फोनवर फोन येऊन गेलेले. वर्गात बसल्या जागी ती कलंडली, अंग थंडगार, श्वास जाणवेना. बाई रडकुंडीला आल्या. मग आपोआप उठून बसली आणि पाणी मागितलं.

डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. मी मान डोलावली. पण ती कधी कलंडली आणि कधी उठली, ते मी बाईंना खोदून खोदून विचारलं. मी कार्ड बंद केलं तेव्हा. चालू केलं तेव्हा. योगायोग असेल. मला झोप हवी आहे.

१९ जानेवारी
योगायोग नाही.

चित्रपट शुक्रवारी पोचवायचा आहे, सगळी कार्डं जुंपलीत. कोपरा पंच्याऐंशी. बहिणीचा फोन आला की चिमणी तापाने बडबडतेय, अंगाला हात लाववत नाही. मी गुपचूप कोपऱ्याची वीज निम्मी केली. कार्ड निवत गेलं. थोड्या वेळाने बहीण म्हणाली, घाम आला, ताप उतरतोय. मी तिथेच जमिनीवर बसले.

संध्याकाळी दादांच्या लक्षात आलं की कोपरा रेंगाळतोय. त्यांनी स्वतः वीज पुन्हा पूर्ण सोडली. मला रागावलेसुद्धा नाहीत. घरी आले तर चिमणीचे ओठ फुटलेले.

२० जानेवारी
दादांना सगळं सांगितलं. आधीच्या माणसाच्या आईचंही विचारलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, म्हणाले की मूल आजारी असलं की डोकं असंच भरकटतं, मी सुट्टी घ्यावी. शुक्रवारपर्यंत कोपरा हळू चालवणं त्यांना परवडणार नाही. निदान बंद तरी करू नका, असं मी हात जोडून सांगितलं. काम संपेपर्यंत कोण बंद करतंय, म्हणाले.

नाव पुसायला गेले. पडदा रिकामं नाव घेत नाही. ‘दगड’ लिहिलं. घेतलं. घरी फोन केला, ताप तसाच. दगड कुणाचा कोण? त्याला घरचं माणूसच लागतं.

बहिणीचं नाव मनात आलं. क्षणभरच, पण आलं. माझीच मला किळस वाटली.

मग स्वतःचं लिहिलं.

२१ जानेवारी
चिमणी उठली. बिस्किटं खाल्ली, मावशीशी भांडली. मी रडले, पोटभर.

आता मी तापलेय. डोळ्यांची आग होतेय, हाडं ठणकतायत. असू दे. मोठ्या माणसाला झेपतं. काम संपलं की कोपरा नुसता चालू ठेवायचा, थंड, कायम. विजेचं बिल माझ्या पगारातून कापा म्हणेन.

एक नवीनच — पंख्यांचा घोंगाट आता घरीही ऐकू येतो. डोळे मिटले की एकेक वेगळा कळतो. कांदा, बटाटा, सगळे.

२२ जानेवारी
उठवत नाही. दादा फोनवर म्हणाले, येऊ नका, आम्ही बघतो. बंद करू नका म्हटलं. हो हो म्हणाले. लहान मुलाला म्हणतात तसं.

चिमणी माझ्या कपाळावर पट्टी ठेवते. निम्मं पाणी उशीवर.

२३ जानेवारी, दुपार
दादांचा निरोप. चित्रपट पोचला, वेळेआधी. सगळे दमलेत, यंत्रंही दमलीत, म्हणून सगळ्यांनाच सुट्टी. मी स्वतः एकेक बंद करतोय, तुम्ही निवांत झोपा.

फोन लावतेय. उचलत नाहीत — त्या खोलीत ऐकू येत नाही, कुणालाच —

बहिणीला स्टुडिओकडे पळत पाठवलं. चपलाही घातल्या नाहीत तिने. पण लांब आहे.

कांदा थांबला.

ताप उतरतोय. बरं वाटतंय, हेच वाईट. बोटं गार.

बटाटा. भोपळा.

चिमणी खिडकीत चित्र काढतेय. मी आणि ती. माझे पाय फार लांब काढलेत. हाक मारावी तर आवाज — नको, घाबरेल.

मुळा थांबला. आता एकच पंखा, कोपऱ्यातला. किती शांत आहे.

चिमणे, मावशीला त्रास देऊ नकोस. बाबा आला की त्याला सांग, ते नाव मी स्वतः लिहिलं होतं, कुणी मला — आणि तुझं औषध अजून एक दिवस, दुधाबरोबर, विसरू न